मूल कोणाकडे राहणार? विभक्त होणाऱ्या आई-वडिलांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

आपल्याकडे नवरा-बायकोचे पटेनासे झाले की प्रकरण कोर्टाच्या आधी बैठकीत जाते. दोन्हीकडचे मामा-काका आणि गावातली चार जाणती माणसे बसतात, दागिने, भांडीकुंडी आणि लग्नखर्च यांचा हिशोब होतो आणि शेवटी बॉण्डवर फारकत लिहिली जाते. त्या बॉण्डच्या तळाशी कुठेतरी मुलांचा उल्लेख येतो : मुलगा वडिलांकडे, मुलगी आईकडे, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क नाही. विधी सेवेच्या कामात असे कागद मी बरेच वाचले आहेत आणि त्यांतली भांड्यांची यादी मुलांविषयीच्या मजकुरापेक्षा लांब असते, हे पाहून दर वेळी वाईट वाटते. मुलांविषयीच्या त्या दोन ओळींच्या जागी काय असायला हवे आणि ते कायद्याने पक्के कसे करायचे, हे ज्यांना या वाटेची काहीच माहिती नाही अशा आई-वडिलांसाठी येथे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी : बॉण्डचे खरे वजन ओळखा

नोटरी केलेला बॉण्ड म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. रूढीने घटस्फोट मान्य असलेल्या समाजांचा अपवाद सोडला, तर हिंदू विवाह अशा कागदाने संपत नाही. मुलांच्या बाबतीत तर त्याचे वजन आणखी कमी आहे, कारण मुलाचे हित कशात आहे हे ठरवताना न्यायालय आई-वडिलांनी आपसांत केलेल्या कराराला बांधलेले नसते. 'मी मुलांसाठी पोटगी मागणार नाही' असे आईने लिहून दिले असले, तरी मुलांचा भरणपोषणाचा हक्क त्यामुळे बुडत नाही, कारण तो हक्क मुलांचा आहे आणि तो सोडून देण्याचा अधिकार आईलाही नाही. बैठकीत चांगला समझोता झाला असेल तर तो जरूर टिकवावा, परंतु तो न्यायालयासमोर ठेवून त्याचे आदेशात रूपांतर करून घ्यावे. सह्या घाईत झाल्या असतील किंवा दबावाखाली घेतल्या गेल्या असतील, तर आता काही होणार नाही असे समजून गप्प बसू नये.

दुसरी पायरी : चार शब्द वेगळे करून समजून घ्या

वकिलाशी पहिल्यांदा बोलायला जाण्याआधी काही शब्दांचे अर्थ स्पष्ट असले, तर पुढचा बराच गोंधळ टळतो. 'ताबा' म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहते, कोणाच्या हातचे जेवते, कोण त्याला शाळेत पाठवते. 'पालकत्व' हा वेगळा आणि अधिक व्यापक विषय आहे : मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेणे, त्याच्या नावावरची जमीन किंवा पैसा सांभाळणे हे त्यात येते. एकाकडे ताबा आणि दुसऱ्याचे पालकत्व कायम, असे होऊ शकते आणि पुष्कळदा होतेही. 'भेटीचा हक्क' म्हणजे ज्याच्याकडे मूल राहत नाही त्याला मुलाला भेटण्याचा, काही दिवस आपल्याकडे नेण्याचा आणि त्याच्याशी बोलण्याचा हक्क. चौथा शब्द 'अंतरिम'. मूळ दाव्याचा निकाल लागेपर्यंत चालणारी तात्पुरती व्यवस्था तो सांगतो, आणि पहिल्या काही महिन्यांत प्रत्यक्षात सर्वांत जास्त उपयोग त्याच आदेशाचा होतो.

तिसरी पायरी : न्यायालय काय पाहते ते जाणून घ्या

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ लागू होतो. त्यातील कलम ६ प्रमाणे वडील आणि त्यांच्यानंतर आई हे नैसर्गिक पालक आहेत आणि पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. यातल्या 'त्यांच्यानंतर' या शब्दावरून वडील जिवंत असेपर्यंत आईला पालकत्वच नाही, असा अर्थ पूर्वी काढला जाई. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात तो अर्थ दूर केला आणि वडील प्रत्यक्षात जबाबदारी घेत नसतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते, हे स्पष्ट केले. याच अधिनियमाचे कलम १३ मुलाच्या हिताला सर्वोच्च स्थान देते आणि बाकीच्या तरतुदी त्याच्या प्रकाशातच वाचल्या जातात.

मुस्लिम कुटुंबांत हनफी परंपरेनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळण्याचा हक्क आईचा मानला जातो. असा वाद न्यायालयात आला की पालक व पाल्य अधिनियम, १८९० प्रमाणे तेथेही मुलाचे हित पाहूनच निर्णय होतो.

हित म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. ज्याची कमाई जास्त त्याला मूल, असा नियम नाही. कमावणाऱ्याकडून पोटगी घेता येते. आईने पुन्हा लग्न केले म्हणून ताबा आपोआप जातो, हा समज गावोगावी पक्का बसला आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लेखा प्रकरणात पुनर्विवाह हे ताबा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही असे म्हटले. न्यायाधीश पाहतात ते असे : आजवर मुलाची रोजची देखभाल कोणी केली, त्याची शाळा आणि सवंगडी कुठे आहेत, भावंडे एकत्र राहतील का, घरात मारहाण किंवा दारू आहे का, आणि मूल ज्याच्याकडे राहील तो दुसऱ्याशी त्याचे नाते टिकू देईल का. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे म्हणणेही विचारात घेतले जाते. त्यासाठी ठराविक वय कायद्यात लिहिलेले नाही. बहुतेक वेळा न्यायाधीश आपल्या दालनात मुलाशी एकट्याने बोलतात. अशा भेटीआधी मुलाला उत्तरे पाठ करून नेऊ नका. पढवलेले बोलणे अनुभवी न्यायाधीशाच्या लक्षात येते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, आपल्याला आई-वडिलांपैकी एकाच्या विरोधात बोलायला लावले ही जाणीव त्या मुलाला पुढे फार काळ छळते.

चौथी पायरी : अर्ज कुठे करायचा ते ठरवा

पालक व पाल्य अधिनियमाखालील अर्ज मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात होतो. छत्रपती संभाजीनगर, नांदेड अशा ज्या ठिकाणी कुटुंब न्यायालय आहे, तिथे त्याच्या हद्दीतले हे अर्ज त्याच्यासमोर चालतात. इतरत्र जिल्हा न्यायालयात जावे लागते. घटस्फोटाचा किंवा नांदण्याचा दावा आधीच चालू असेल, तर त्याच दाव्यात हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे मुलांविषयी आदेश मागता येतो, वेगळा दावा लावण्याची गरज पडत नाही. पत्नी दावा दाखल करत असेल तर ती सध्या राहते तिथे, म्हणजे माहेरच्या जिल्ह्यातही, वैवाहिक दावा करू शकते. घरात हिंसा होत असेल, तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मुलांचा तात्पुरता ताबा मिळू शकतो आणि त्यासाठी जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी अर्ज तयार करण्यास मदत करतात.

'सामान्यतः जिथे राहते' हे शब्द आपल्या भागात सोपे नाहीत. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून हजारो जोडपी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची मुले कधी फडावर असतात, कधी गावी आजीजवळ, कधी शाळेच्या हंगामी वसतिगृहात. अशा वेळी शाळेचा पट, अंगणवाडीतील नोंद, शिधापत्रिका आणि लसीकरणाचे कार्ड मूळ मुक्काम दाखवण्यास उपयोगी पडतात. आई किंवा वडील हंगामापुरते बाहेर गेले म्हणून मुलाचे गाव बदलले असे होत नाही, हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहून घ्यावे.

पाचवी पायरी : वकील आणि कागदपत्रे

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पुरुषांनाही ही मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुका न्यायालयात तालुका समितीचे कार्यालय असते, तिथे साध्या कागदावर अर्ज द्यावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादात स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे आणि ही सवलत १९९४ पासून चालू आहे. त्यामुळे या कामासाठी कोणी तुमच्याकडे कोर्ट फीच्या नावाने मोठी रक्कम मागितली, तर पावती मागा.

कागदांत मुलाचा जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार, लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि लग्नाचा पुरावा हवा. उत्पन्नासाठी पगारदाराची पगारपत्रके, शेतकऱ्याचा सातबारा आणि आठ-अ, आडतीच्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिले आणि बँकेचे पासबुक जमवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधील रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना आपली मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगावी लागतात, त्यामुळे समोरच्याची माहितीही रीतसर मागता येते.

पेटी घेऊन घर सोडावे लागलेल्या अनेक बायांकडे यातला एकही कागद नसतो, आणि त्या कारणाने त्या महिनोन् महिने थांबतात. थांबू नका. जन्माची नोंद ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून पुन्हा मिळते आणि शाळा बोनाफाईड नव्याने देते. मूल नव्या गावी आले असेल आणि जुन्या शाळेचा दाखला कोणी अडवून धरला असेल, तर शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे दाखला नसल्याच्या कारणावरून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांना हे नम्रपणे, पण लेखी सांगावे.

सहावी पायरी : पहिल्याच अर्जासोबत अंतरिम आदेश मागा

मूळ दाव्याला वेळ लागतो. तोपर्यंत मूल एका बाजूकडे राहून दुसऱ्याला विसरते, आणि मग 'ते तर ओळखतच नाही' हेच कारण पुढे केले जाते. म्हणून दावा दाखल करतानाच तात्पुरत्या ताब्याचा किंवा भेटीचा आणि तात्पुरत्या पोटगीचा अर्ज जोडावा. मुलांच्या भरणपोषण आणि शिक्षणाच्या अंतरिम अर्जावर नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निर्णय व्हावा, अशी हिंदू विवाह अधिनियमातच तरतूद आहे.

या काळात मूल उचलून नेण्याचा मोह आवरा. शाळेच्या फाटकातून किंवा आजीच्या अंगणातून मूल गाडीत घालून नेणाऱ्याला त्या दिवशी आपण जिंकलो असे वाटते, पण न्यायालय तीच गोष्ट त्याच्या विरोधात वाचते, आणि मुलाच्या मनात त्या दुपारची भीती राहते ती वेगळीच. दुसऱ्याने असे केले असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि त्याच आठवड्यात वकिलामार्फत न्यायालयात जावे. मूल बेकायदा अडवून ठेवले असेल, तर उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस), म्हणजे मुलाला न्यायालयासमोर हजर करायला लावणारी, याचिका करता येते. मराठवाड्यासाठी ते काम छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात चालते. ताबा कोणाचा हे पोलीस ठरवू शकत नाहीत, तेव्हा ठाण्यातल्या तोंडी समजुतीवर विसंबून राहू नये.

सातवी पायरी : समझोत्याच्या अटी बारकाईने लिहा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. कुटुंब न्यायालयाने प्रकरण ऐकण्याआधी तडजोडीचा प्रयत्न करणे कायद्यानेच बंधनकारक आहे आणि त्यासाठी तिथे विवाह समुपदेशक असतात. त्यांच्यासमोर मोकळे बोलावे, कारण तडजोडीसाठीचे ते बोलणे गोपनीय ठेवले जाते. परस्पर संमतीने घटस्फोट घेणारी जोडपीही मुलांविषयीच्या अटी याच वेळी लिहून देतात. आणि इथे बहुतेकांची एकच चूक होते : 'वडिलांना सोयीनुसार मुलाला भेटता येईल' एवढे एक वाक्य लिहून सगळे उठतात. सोय कोणाची, हे त्या वाक्यात नसते. पहिल्या दोन महिन्यांतच एकाची सोय दुसऱ्याची गैरसोय ठरते आणि नवा अर्ज लावावा लागतो.

म्हणून वार, वेळ, जागा आणि माणूस या चारही गोष्टी लिहा. एक नमुना पाहा. आई आणि आठ वर्षांची मुलगी अंबाजोगाईत राहतात आणि वडील पुण्याला चाकणमध्ये कारखान्यात काम करतात असे समजा. दर आठवड्याची भेट इथे कागदावरच राहील, कारण एवढा प्रवास कोणालाच झेपत नाही. त्याऐवजी अशी अट लिहिता येईल : 'दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता वडील मुलीला तिच्या आजोळच्या घरून घेतील आणि रविवारी संध्याकाळी ५ वाजता तिथेच आणून सोडतील. त्या शनिवारी कामावर सुट्टी न मिळाल्यास गुरुवारपर्यंत तसे संदेशाने कळवतील आणि भेट पुढच्या शनिवारी होईल. प्रवासाचा खर्च वडील करतील. दर बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी ७ ते ७.३० या वेळेत वडील व्हिडिओ कॉल करतील आणि आई तेव्हा फोन मुलीच्या हातात देईल.' २०२० मधील यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्यक्ष भेटता न येणाऱ्या पालकाला फोन आणि व्हिडिओ कॉलवरून मुलाशी संपर्काचा हक्क असावा, असे आवर्जून म्हटले आहे, तेव्हा अशी अट मागण्यात संकोच नको.

सुट्ट्या वेगळ्या लिहा. उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी करायची तर मे महिन्याचा पहिला भाग कोणाकडे आणि जूनमध्ये शाळा उघडण्याच्या किती दिवस आधी मूल परत येणार, हे तारखेनिशी ठरवा. दिवाळीत एका वर्षी पाडवा आईकडे आणि भाऊबीज वडिलांकडे, पुढच्या वर्षी उलट, असे करता येते. सणांची यादी करताना कॅलेंडरवर छापलेल्या सुट्ट्यांपुरते थांबू नका. लातूर-धाराशिवकडच्या घरात वेळ अमावस्येला शेतावर गेल्याशिवाय मुलांचे वर्ष पुरे होत नाही, पोळ्याला बैल सजवायला नातवंड हवेच असते. कोणाकडे ईद असेल, कोणाकडे १४ एप्रिल. मूल ज्या दिवसाची वाट पाहते, तो दिवस अटींत आला पाहिजे. आजी-आजोबांची भेटही लिहून ठेवा. लहानपणी ज्यांच्या कुशीत मूल झोपले, त्यांना आई-वडिलांच्या भांडणापायी ते दिसेनासे होते आणि त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

मूल हाती देण्या-घेण्याची जागा शांत असावी. एसटी स्टँडवरच्या गर्दीत, दोन्हीकडची माणसे उभी असताना मूल या हातातून त्या हातात देणे शक्यतो टाळा. घरी जाणे शक्य नसेल, तर शाळा सुटल्यावर थेट शाळेतून नेणे किंवा दोघांच्या विश्वासातल्या एखाद्या नातलगाच्या घरी सोडणे बरे पडते. मारहाणीचा इतिहास असेल, तर सुरुवातीच्या भेटी न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत किंवा तिसऱ्या माणसासमोर व्हाव्यात, अशी मागणी करता येते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हंगामाचे सहा महिने आणि बाकीचे सहा महिने यांसाठी दोन वेगळी वेळापत्रके लिहावीत : हंगामात मूल कोणत्या घरी राहील, शाळा कोण पाहील, आजारपणात निर्णय कोण घेईल, फडावरून फोन कधी होईल. मुकादमाकडून उचल घेतानाच कुठल्या कारखान्याला जायचे हे बहुधा ठरते, तेव्हा तो पत्ता दुसऱ्याला कळवण्याची अटही त्यात घालावी.

यांशिवाय शाळा बदलणे, शस्त्रक्रिया, पासपोर्ट आणि लातूर किंवा नांदेडला शिकवणीसाठी ठेवणे असे मोठे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे की एकाने, हे स्पष्ट करा. शाळेची प्रगतिपत्रके दोघांनाही मिळावीत, असेही लिहा.

आठवी पायरी : मुलांच्या खर्चाची रक्कम

भेट आणि पोटगी यांची सांगड घालू नका. पैसे आले नाहीत म्हणून भेट बंद करता येत नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत, कारण दोन्ही गोष्टी मुलाच्या आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ खाली मुलांसाठी पोटगी मागता येते; जुन्या संहितेचे कलम १२५ ते हेच. रक्कम थकली तर देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या महिन्यांचे वॉरंट निघत नाही. ही मुदत अनेकांच्या हातून निसटते. उत्पन्न सोयाबीन किंवा ऊसावर अवलंबून असेल, तर महिन्याची लहान रक्कम आणि माल विकल्यावर एक मोठी रक्कम अशी विभागणी सहमतीने लिहिता येते. शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च वेगळा ठेवावा आणि सगळे पैसे बँकेतून द्यावेत.

नववी पायरी : आदेश हाती आल्यानंतर

आदेशाच्या दोन-तीन प्रमाणित नकला काढा. एक घरी, एक शाळेत मुख्याध्यापकांकडे द्या, म्हणजे मुलाला कोण नेऊ शकते याविषयी शिक्षकांना अंदाज बांधावा लागणार नाही. एका वहीत भेटींची नोंद ठेवा : तारीख, वेळ, भेट झाली की नाही, नसेल तर कारण काय. एखादी भेट चुकली म्हणून लगेच कोर्ट गाठू नका. पण सलग चुकू लागल्या तर ही वही घेऊन त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करा. कुटुंब न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब प्रकरणात मुले ही आई-वडिलांच्या मालकीची वस्तू नाहीत असे म्हणून, परिस्थिती बदलली की ताब्याचा आदेशही बदलता येतो, हे मान्य केले आहे. दोन वर्षांच्या बाळासाठी लिहिलेल्या अटी ते दहावीत गेल्यावर पुरत नाहीत. गाव बदलले, नोकरी बदलली, मूल मोठे होऊन वेगळे काही सांगू लागले, तर आधी दोघांनी बोलून नवे वेळापत्रक लिहावे आणि ते सहमतीने त्याच न्यायालयात सादर करावे. सहमती होत नसेल, तर एकट्यालाही बदलाचा अर्ज करता येतो, आणि तेव्हा ती भेटींची वही पुन्हा सोबत न्यावी.